रॉकेटच्या आधीची वीस वर्षे

२८ जानेवारी १९८६ रोजी ‘चॅलेंजर’ हे स्पेस शटल उड्डाणानंतर ७३ सेकंदांनी फुटले आणि आतले सातही अंतराळवीर मृत्युमुखी पडले. त्या दुर्घटनेने आणखी एका मोहिमेचे वाहनही हिरावून घेतले. विश्वाच्या जन्मानंतर उरलेली उष्णता मोजण्यासाठी नासा ‘कोबे’ नावाचा उपग्रह बांधत होती आणि तो शटलमधून, कॅलिफोर्नियातल्या व्हॅन्डेनबर्ग तळावरून अवकाशात जायचा होता. शटलची उड्डाणे थांबली. व्हॅन्डेनबर्गहून शटल सोडण्याचा बेत तर कायमचाच गुंडाळला गेला. तेव्हा अभियंत्यांनी उपग्रहाचे वजन जवळजवळ निम्म्यावर आणले, उन्हापासून आडोसा देणारी ढाल मिटून ठेवता येईल अशी केली आणि ‘कोबे’ डेल्टा रॉकेटच्या टोकाशी बसेल एवढा आटोपशीर केला. १८ नोव्हेंबर १९८९ रोजी तो उडाला. या फेरबांधणीत सांगाडा बदलला, वाहन बदलले, पण तीन वैज्ञानिक उपकरणे तीच राहिली. त्यांचे पहिले प्रस्ताव १९७४ सालचे होते आणि मधल्या काळात प्रयोगशाळेत त्यांच्यावर अपार मेहनत झाली होती. जानेवारी १९९० मध्ये जॉन मॅथर यांनी अमेरिकी खगोलशास्त्रज्ञांच्या सभेत अवघ्या नऊ मिनिटांच्या निरीक्षणांतून काढलेला आलेख पडद्यावर दाखवला आणि सभागृह टाळ्या वाजवत उभे राहिले. सिद्धान्ताने सांगितलेली वक्ररेषा आणि मोजलेले बिंदू एकमेकांवर इतके चपखल बसले होते की वेगळे ओळखू येत नव्हते.

विश्वाच्या उगमाचा शोध घेणाऱ्या मोहिमांविषयी आपल्याकडे बोलणे निघते तेव्हा रॉकेट पुढे असते आणि उपकरण मागे. चांद्रयान-३ ने ऑगस्ट २०२३ मध्ये चंद्रावर अलगद उतरून जो आत्मविश्वास दिला तो रास्त आहे. पण त्यातून एक सोपा निष्कर्ष काढला जातो, की विश्वाच्या आरंभाकडे पाहणारा उपग्रहही आता मनात आणले की सोडता येईल. हा निष्कर्ष मला धोक्याचा वाटतो. अशा मोहिमेत वाहन हा सर्वांत सहज बदलता येणारा भाग असतो. युरोपची ‘युक्लिड’ दुर्बीण रशियाच्या सोयुझवरून जायची होती. २०२२ मध्ये युक्रेनमधल्या युद्धामुळे तो मार्ग बंद झाला आणि १ जुलै २०२३ रोजी ती फाल्कन-९ वरून रवाना झाली. उपकरणाच्या गाभ्यातला शोधक (डिटेक्टर), त्याला थंड ठेवणारी यंत्रणा आणि या दोहोंचे स्वभाव ओळखणारी माणसे मात्र घाईने तयार होत नाहीत आणि हव्या त्या वेळी बाजारात मिळतही नाहीत. भारतीय विश्वशास्त्रज्ञांनी २०१८ साली इस्रोपुढे ‘सीएमबी-भारत’ नावाचा प्रस्ताव ठेवला आहे. तो खरोखर उडायचा असेल तर त्याची मंजुरी प्रयोगशाळेपासून सुरू व्हावी आणि त्यासाठी रॉकेटच्या निर्णयाची वाट पाहू नये, हे या लेखाचे म्हणणे आहे.

प्रस्ताव कशाचा आहे ते आधी पाहू. विश्वाचे वय सुमारे १,३८० कोटी वर्षे. पहिली सुमारे ३ लाख ८० हजार वर्षे ते इतके तप्त होते की इलेक्ट्रॉन मोकळे फिरत आणि प्रकाश त्यांच्यावर आदळून विखुरत राही. तापमान उतरले, अणू जमले आणि प्रकाशाची वाट मोकळी झाली. विश्वाच्या प्रसरणामुळे ताणला गेलेला तो प्रकाश आज सूक्ष्मलहरींच्या रूपात सर्व दिशांनी आपल्याकडे येतो आणि त्याचे तापमान निरपेक्ष शून्याच्या वर २.७२५ अंश भरते. १९६४ साली अमेरिकेत होल्मडेल येथे अर्नो पेन्झियास आणि रॉबर्ट विल्सन यांना या पार्श्वभूमी प्रारणाची, इंग्रजी आद्याक्षरांत ‘सीएमबी’ची, चाहूल लागली. त्यात लाखात एक भागाइतके सूक्ष्म चढउतार आहेत हे ‘कोबे’ने १९९२ मध्ये दाखवले. २००१ मध्ये गेलेल्या डब्ल्यूमॅपने आणि २००९ मध्ये गेलेल्या युरोपच्या ‘प्लांक’ने त्या चढउतारांचे नकाशे उत्तरोत्तर बारकाईने काढले. विश्वात नेहमीचे द्रव्य जेमतेम पाच टक्के, कृष्णद्रव्य सुमारे २७ टक्के आणि उरलेली ६८ टक्के कृष्ण ऊर्जा, ही आज शाळकरी मुलांनाही ठाऊक असलेली विभागणी मुख्यतः त्या नकाशांतून आली.

एवढे हाती आल्यावर उरतो तो त्याच्याही आधीचा प्रश्न. हे चढउतार मुळात पडले कशाने? आज बहुसंख्य अभ्यासक ज्या उत्तराकडे झुकतात त्याला इन्फ्लेशन म्हणतात. पहिल्या सेकंदाच्या कल्पनेपलीकडच्या लहान अंशात अवकाश प्रचंड वेगाने ताणले गेले आणि अतिसूक्ष्म पातळीवरच्या पुंज-चढउतारांना विश्वाएवढे रूप आले, असे ते उत्तर. तसे घडले असेल तर त्याच वेळी गुरुत्वीय लहरीही उठल्या असणार आणि त्यांनी पार्श्वभूमी प्रारणाच्या ध्रुवीकरणात एक पीळदार नक्षी सोडली असणार. तिला बी-मोड म्हणतात आणि तिच्या बळाचे माप ‘आर’ या अंकाने देतात. दक्षिण ध्रुवावरच्या दुर्बिणींनी २०२१ मध्ये दाखवले की आर ०.०३६ पेक्षा मोठा असू शकत नाही. सीएमबी-भारतचे लक्ष्य ०.००१ च्या आसपास पोचण्याचे आहे. त्या पातळीवरचा संकेत म्हणजे काही अब्जांश केल्विनची थरथर, आणि तीही आपल्या आकाशगंगेतल्या धुळीच्या व चुंबकीय क्षेत्रात फिरणाऱ्या इलेक्ट्रॉनांच्या कितीतरी प्रबळ प्रारणाखाली दबलेली.

या क्षेत्राच्या इतिहासात तीन फसलेले दावे आहेत आणि मोहिमेचे नियोजन करणाऱ्याने यशाच्या कथांआधी ते वाचावेत. पहिला १९८७ सालचा. अमेरिकेतील बर्कली आणि जपानमधील नागोया विद्यापीठांच्या गटांनी जपानमधून एक लहान रॉकेट सोडून पार्श्वभूमी प्रारणाचा वर्णपट मोजला. त्यात आखूड लहरींच्या बाजूला अपेक्षेपेक्षा बरेच जास्त प्रारण दिसले. ते खरे असते तर महास्फोटाच्या चित्रात मोठी दुरुस्ती करावी लागली असती, आणि दोन-तीन वर्षे अनेक सिद्धान्तकार त्या दुरुस्त्या लिहिण्यात गुंतले होते. ‘कोबे’च्या त्या नऊ मिनिटांनी तो फुगवटा पुसून टाकला. ‘कोबे’च्या उपकरणाची रचनाच अशी होती की तापमान अचूक माहीत असलेला एक काळा पदार्थ त्याच्या तोंडावर आणून बसवता येई आणि आकाशाची तुलना थेट त्याच्याशी होई. उपकरण स्वतःचीच उलटतपासणी घेत होते. याला एक जोडकथा आहे आणि ती फारशी सांगितली जात नाही. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाचे हर्बर्ट गुश यांचा गट वर्षानुवर्षे याच मोजमापाच्या मागे होता. जानेवारी १९९० मध्ये, ‘कोबे’चा आलेख जाहीर झाल्यानंतर काही दिवसांतच, त्यांचे लहानसे रॉकेट काही मिनिटांपुरते वर गेले आणि तितक्याच मोलाचे उत्तर घेऊन आले. उपकरण चांगले असेल तर काही मिनिटेही पुरतात, याचा याहून चांगला दाखला मला माहीत नाही.

दुसरा दावा १७ मार्च २०१४ चा. दक्षिण ध्रुवावरच्या बायसेप-२ या दुर्बिणीच्या गटाने बी-मोड सापडल्याचे जाहीर केले आणि आर सुमारे ०.२ असल्याचे सांगितले. जगभर आनंद झाला. पण बायसेप-२ केवळ १५० गिगाहर्ट्झ या एकाच वारंवारतेवर पाहत होती. आकाशगंगेतले धुळीचे कण चुंबकीय क्षेत्राच्या आधाराने एका दिशेने मांडले जातात आणि त्यांचे प्रारणही ध्रुवित होते. एकाच वारंवारतेवर धुळीची नक्षी आणि आद्य लहरींची नक्षी यांत फरक करता येत नाही. ‘प्लांक’कडे ३५३ गिगाहर्ट्झपर्यंतचे ध्रुवीकरणाचे नकाशे होते. २०१५ च्या सुरुवातीला दोन्ही गटांनी एकत्र बसून हिशेब केला तेव्हा दिसलेला संकेत धुळीने स्पष्ट होतो असे निघाले आणि आरला ०.१२ ची वरची मर्यादा तेवढी उरली. त्या गटाची दुर्बीण उत्तम होती, माणसे कसलेली होती. कमी पडले ते वारंवारतांचे वैविध्य. सीएमबी-भारतच्या आराखड्यात वीसच्या आसपास वारंवारता-पट्टे आणि जपानच्या ‘लाइटबर्ड’ मोहिमेच्या आराखड्यात ३४ ते ४४८ गिगाहर्ट्झदरम्यान पंधरा पट्टे आहेत, ते या अनुभवातून. मैफलीत मुख्य गायकाचा स्वर बारीक असला तरी तबला, पेटी आणि तंबोरा यांची जात वेगळी ओळखता आली तर तो निवडून काढता येतो, तसे हे आहे.

तिसरा दावा २०१८ चा, आणि त्याचे उत्तर भारतातून गेले. पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या ‘एजेस’ या प्रयोगाने ७८ मेगाहर्ट्झजवळ रेडिओ आकाशात एक खळगा पडलेला दाखवला. महास्फोटानंतर सुमारे १८ कोटी वर्षांनी पहिले तारे उजळले तेव्हाच्या हायड्रोजनची ती खूण असल्याचे त्यांचे म्हणणे होते. खळगा अपेक्षेच्या दुपटीहून खोल होता, म्हणून नवे भौतिकशास्त्र हवे अशी चर्चा सुरू झाली. बंगळुरूच्या रामन संशोधन संस्थेतल्या गटाने ‘सारस’ नावाची ॲन्टेना आधीपासूनच विकसित करत आणली होती. जमिनीवर ठेवलेल्या ॲन्टेनाखालची माती, खडक आणि ओल एकसारखी नसते आणि तिचे परावर्तन मोजमापात मिसळते, हे ओळखून त्यांनी तिसरी आवृत्ती पाण्यावर तरंगवली. २०२० च्या सुरुवातीला कर्नाटकातल्या दंडिगनहळ्ळी तलावावर आणि शरावतीच्या फुगवट्यात तराफ्यावरून निरीक्षणे झाली. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार ‘एजेस’ने सांगितलेला खळगा ९५.३ टक्के खात्रीने आकाशात नाही. इथे कोट्यवधींचे यंत्र नव्हते. ॲन्टेनाखाली काय आहे याचा विचार होता, आणि तो विचार करायला वर्षे मिळालेली माणसे होती. याच गटाने चंद्राभोवती फिरणाऱ्या ‘प्रतुश’ या उपग्रहाचा प्रस्ताव मांडला आहे. चंद्राच्या पलीकडच्या बाजूला पृथ्वीवरच्या एफएम केंद्रांचा गलबला पोचत नाही, म्हणून तिथे जायचे. तो प्रस्ताव मला आश्वासक वाटतो, कारण त्याचे उपकरण आधी तलावावर पारखले गेले आहे.

या तिन्ही प्रसंगांत निकाल लावला तो उपकरणाच्या समजुतीने. आता हीच गोष्ट पुढच्या पायरीवर, उपग्रहांच्या नियोजनात कशी दिसते ते पाहू. ‘प्लांक’च्या उच्च वारंवारता उपकरणाचे शोधक निरपेक्ष शून्याच्या केवळ एक दशांश अंश वर ठेवायचे होते. त्यासाठी ग्रेनोबलच्या अलँ बेन्वा यांनी अवकाशात चालेल असे हेलियम-मिश्रणाचे शीतयंत्र रचले. ते थेट उपग्रहावर चढवले नाही. ‘आर्केऑप्स’ नावाच्या फुग्यावरच्या प्रयोगात ते आधी उडवले, आणि २००२ मध्ये स्वीडनमधल्या किरुनाहून झालेल्या उड्डाणाने आकाशाचा नकाशाही दिला आणि उपकरणाची परीक्षाही घेतली. ‘प्लांक’ त्यानंतर सात वर्षांनी गेला. तीन यानांमध्ये २५ लाख किलोमीटरचे अंतर ठेवून गुरुत्वीय लहरी ऐकणारी ‘लिसा’ ही मोहीम १९९३ पासून युरोपच्या विचारात होती. २०११ मध्ये नासाने भागीदारी सोडली तेव्हा ती कोलमडण्याच्या बेतात आली. तिला तगवण्यात डिसेंबर २०१५ मध्ये गेलेल्या ‘लिसा पाथफाइंडर’चा मोठा वाटा होता. सोने-प्लॅटिनमचे दोन ठोकळे यानाच्या आत जवळजवळ पूर्णपणे निर्वेध तरंगत ठेवता येतात, एवढेच त्याने सिद्ध केले. २०१६ मध्ये लायगो या वेधशाळेने गुरुत्वीय लहरींचा पहिला शोध जाहीर केला, पाथफाइंडरचे निकाल अपेक्षेपेक्षा चांगले आले, आणि जानेवारी २०२४ मध्ये युरोपने २०३५ च्या सुमारास उड्डाण ठेवून ‘लिसा’ला अंतिम मान्यता दिली.

सर्वांत बोलका दाखला जपानचा आहे. क्षकिरणांची ऊर्जा तापमानातल्या सूक्ष्म वाढीवरून मोजणारा अतिशीत शोधक जपानने नासाच्या साथीने २००० साली ‘ॲस्ट्रो-ई’वर पाठवला, आणि रॉकेट अपयशी ठरले. २००५ मध्ये ‘सुझाकू’वर तो पुन्हा गेला, पण निरीक्षणे सुरू होण्याआधीच त्याचे द्रव हेलियम उडून गेले. फेब्रुवारी २०१६ मध्ये ‘हितोमी’वर तिसऱ्यांदा गेला, त्याने पर्सियस दीर्घिकासमूहाची अप्रतिम निरीक्षणे केली आणि महिन्याभरात उपग्रहच भरकटून फुटला. सप्टेंबर २०२३ मध्ये ‘एक्सरिझम’वर तो चौथ्यांदा गेला आणि आज काम करतो आहे. तेवीस वर्षांत तीन आघात सोसूनही मोहीम जिवंत राहिली, कारण शोधक बनवण्याची विद्या आणि ती बाळगणारे लोक दोन्ही देशांच्या प्रयोगशाळांत शिल्लक होते. तो शोधक बाहेरून विकत आणलेला असता तर पहिल्या अपघातानंतर पुन्हा उभे राहणे फार अवघड गेले असते.

मग आपण कुठे आहोत? दिसते तितके मागे नाही. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने, म्हणजे टीआयएफआरने, हैदराबादच्या आपल्या बलून केंद्रातून एक मीटर व्यासाची अवरक्त दुर्बीण अनेकदा उडवली. तिच्यात ०.३ केल्विनपर्यंत थंड केलेले सिलिकॉनचे बोलोमीटर, म्हणजे प्रारणाची उष्णता मोजणारे शोधक, होते आणि तारे जन्मणाऱ्या मेघांचे नकाशे त्यांनी काढले. कुलाब्याच्या त्याच संस्थेत एस. रामकृष्णन यांच्या गटाने बिस्मथ हा धातू निरपेक्ष शून्यापासून अर्ध्या सहस्रांश अंशावर अतिवाहक होतो हे दाखवून दिले, आणि ते तापमान ‘प्लांक’च्या शोधकांहून सुमारे दोनशे पटींनी थंड आहे. पुण्याच्या आयुकातून आलेल्या अभ्यासकांनी ‘प्लांक’च्या विश्लेषणात भाग घेतला आणि सीएमबी-भारतचे नेतृत्व करणारे तरुण सौरदीप यांची कारकीर्दही बराच काळ आयुकातच घडली. आदित्य-एल१ ने पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवर स्थिर राहण्याची विद्या सिद्ध केली आहे. पार्श्वभूमी प्रारणाचा उपग्रह तितक्याच अंतरावर, फक्त सूर्याच्या उलट दिशेला ठेवायचा असतो. म्हणजे सिद्धान्त आहे, विश्लेषण आहे, वाहन आहे आणि थंडीची ओळखही आहे. नाही ती एक साखळी: अवकाशात वर्षानुवर्षे ०.१ केल्विन टिकवणारे यंत्र आणि हजारोंच्या संख्येने एकसारखे घडवलेले अतिवाहक शोधक.

यावर पहिला आक्षेप पैशाचा येणार आणि तो टाळण्यासारखा नाही. ज्या देशात प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टर नाही त्याने विश्वाच्या पहिल्या क्षणावर खर्च का करावा, हा प्रश्न विचारणाऱ्याला हिणवू नये. पण सरकारने कुठल्या कामांना पैसा देण्याचे आधीच ठरवले आहे तेही पाहावे. गगनयानाची एकूण तरतूद २०२४ मध्ये २०,१९३ कोटी रुपये झाली, शुक्राच्या मोहिमेला १,२३६ कोटी मंजूर झाले, हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ उभ्या राहणाऱ्या लायगो-इंडियाला २,६०० कोटी. देशाने मूलभूत विज्ञानावर खर्च करण्याचा निर्णय घेतलेलाच आहे. प्रश्न तो कोणत्या क्रमाने करायचा एवढाच आहे, आणि तिथे माझा क्रम काटकसरीचा आहे. प्रयोगशाळेतला शोधक फसला तर काही महिने आणि थोडा पैसा जातो, उपग्रहावरचा फसला तर सगळेच जाते. जेम्स वेब दुर्बिणीचा सुरुवातीचा अंदाज सुमारे ५० कोटी डॉलर आणि २००७ चे उड्डाण असा होता. ती २०२१ च्या नाताळात गेली आणि खर्च सुमारे १,००० कोटी डॉलरवर गेला. त्यामागची कारणे अनेक होती, पण अजून न घडलेल्या तंत्रज्ञानावर अंदाजपत्रक उभे करणे हे त्यातले एक ठळक कारण होते.

दुसरा आक्षेप अधिक शास्त्रीय आहे. चिलीतल्या अटाकामा वाळवंटात ५,२०० मीटर उंचीवर सायमन्स वेधशाळा काम करते आहे, तिबेटात चीनने अशीच दुर्बीण उभी केली आहे, मग अवकाशात जायचे कशाला? जमिनीवरून मोठी दुर्बीण लावता येते आणि बारीक तपशील दिसतो हे खरे. पण हवेतली वाफ आणि ऑक्सिजन ठरावीक खिडक्याच मोकळ्या ठेवतात, धुळीला नीट ओळखण्यासाठी लागणाऱ्या उच्च वारंवारता बहुतांशी बंद राहतात, आणि संपूर्ण आकाश एका उपकरणाने पाहता येत नाही. आद्य लहरींच्या नक्षीचा एक महत्त्वाचा भाग आकाशातल्या फार मोठ्या कोनांवर आहे आणि तो पकडायला पूर्ण आकाशच लागते. शिवाय जमिनीवरच्या योजनाही अढळ नाहीत. अमेरिकेने ‘सीएमबी-एस४’ या महाप्रकल्पावर अनेक वर्षे काम केले आणि मे २०२५ मध्ये तिथल्या ऊर्जा खात्याने व राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानने त्याला पुढे पाठबळ देता येणार नाही असे सांगितले. युरोपात २०१० ते २०१६ दरम्यान पार्श्वभूमी प्रारणाच्या उपग्रहाचे चार प्रस्ताव आले आणि एकाचीही निवड झाली नाही. हे क्षेत्र गर्दीचे आहे आणि आपल्याला जागा उरलेली नाही, ही समजूत त्यामुळे चुकीची ठरते.

तिसरा आक्षेप सर्वांत खोल आहे: शोधायला निघाल्यावर काहीच सापडले नाही तर? इन्फ्लेशनचे काही नमुने आर इतका लहान सांगतात की कुठलाही नियोजित उपग्रह तो पकडू शकणार नाही. किंवा इन्फ्लेशनच झाले नसेल. मराठी वाचकाला या शंकेची परंपरा घरची आहे. आयुका उभी करणारे जयंत नारळीकर शेवटपर्यंत महास्फोटाच्या प्रस्थापित चित्राला प्रश्न विचारत राहिले, आणि १९९३ मध्ये फ्रेड हॉइल व जॉफ्री बर्बिज यांच्याबरोबर त्यांनी पर्यायी विश्वरचना मांडली. त्यांच्या मताशी असहमत असलेल्यांनाही त्यांचा आग्रह मान्य करावा लागेल, की सिद्धान्त कितीही लोकप्रिय असला तरी त्याने मोजमापापुढे उभे राहिले पाहिजे. मोहीम अशी आखावी की नकारही उत्तर ठरावा. ॲलेक्सेई स्टारोबिन्स्की यांच्या नमुन्यानुसार आर ०.००३ ते ०.००४ च्या आसपास असावा. ०.००१ पर्यंत शोधून तो दिसला नाही तर तो नमुना आणि त्याची जवळची भावंडे बाद होतात, आणि हे मोठे ज्ञान आहे. बी-मोड मिळो वा न मिळो, पूर्ण आकाशाच्या ध्रुवीकरणाच्या नकाशातून पहिल्या ताऱ्यांनी विश्वाला पुन्हा केव्हा आयनित केले ते कळते, आणि त्या माहितीची जोड मिळाली की न्यूट्रिनोंच्या वस्तुमानावरची पकडही घट्ट होते. आकाशगंगेच्या चुंबकीय क्षेत्राचा नकाशा तर हमखास मिळतो.

चौथा आक्षेप व्यवहारी लोकांचा, आणि मला तो अर्धा मान्य आहे. जपानने २०१९ मध्ये ‘लाइटबर्ड’ निवडली आहे, मग वेगळा घाट कशाला, त्यातच सामील व्हावे. जरूर व्हावे. पण भागीदारीत आपण काय घेऊन बसतो त्यावर आपली खुर्ची ठरते. चंद्राच्या ध्रुवावर जाणाऱ्या चांद्रयान-५ मध्ये जपान रॉकेट आणि रोव्हर देतो आणि भारत लँडर देतो, कारण उतरण्याची विद्या भारताने स्वतः कमावली आहे. ‘ॲस्ट्रोसॅट’ या भारताच्या खगोल-उपग्रहावर मात्र क्षकिरण दुर्बिणीचा कॅमेरा ब्रिटनमधल्या लेस्टर विद्यापीठाकडून आला आणि अतिनील दुर्बिणीच्या शोधकांसाठी कॅनडाचा हात धरावा लागला. ती भागीदारी फळली, २०२० मध्ये आयुकाच्या कनक साहा यांच्या गटाने त्याच दुर्बिणीने ९३० कोटी प्रकाशवर्षांवरच्या दीर्घिकेचा अतिनील प्रकाश टिपला. तरीही गाभ्याचा शोधक परक्याकडे असला की पुढची आवृत्ती केव्हा आणि कशी करायची हे एकट्याने ठरवता येत नाही. १९९३ मध्ये अमेरिकेच्या दबावाखाली रशियाने क्रायोजेनिक रॉकेट-इंजिनाचे तंत्रज्ञान द्यायला नकार दिल्यावर स्वदेशी क्रायोजेनिक टप्प्याचे यशस्वी उड्डाण व्हायला ५ जानेवारी २०१४ उजाडले. त्या इंजिनातला द्रव हायड्रोजन सुमारे २० केल्विनला असतो. शोधकांची थंडी त्याच्या दोनशेपट खालची आहे आणि तिथे कुणी नकार देण्याची वाट पाहत बसण्यात शहाणपण नाही. लाइटबर्डलाही विलंबाची आणि फेरआखणीची झळ बसली आहे आणि ज्या एच-३ रॉकेटवरून ती जायची त्याचे पहिलेच उड्डाण मार्च २०२३ मध्ये फसले. अशा वेळी तयार शोधक घेऊन येणाऱ्या भागीदाराचे स्वागत होईल.

इस्रोचे हात गगनयान आणि अंतराळ स्थानक यांत गुंतलेले आहेत, ही शेवटची अडचण. ती खरी आहे, पण आज इस्रोकडे उपग्रह मागायचाच नाही. ‘ॲस्ट्रोसॅट’ची कल्पना १९९६ मध्ये आयआरएस-पी३ या उपग्रहावरच्या क्षकिरण प्रयोगानंतर आकाराला आली आणि उड्डाण २८ सप्टेंबर २०१५ रोजी झाले, म्हणजे एकोणीस वर्षे. त्या हिशेबाने आज निर्णय झाला तर सीएमबी-भारत २०४५ च्या आसपास उडेल, आणि तेव्हा तिची निरीक्षणे तपासणारी मुले आत्ता बालवाडीत आहेत. मधल्या काळात निवृत्त होणाऱ्यांची विद्या त्यांच्यापर्यंत पोचवायची तर अनुदान तीन-तीन वर्षांच्या तुकड्यांत देऊन चालणार नाही. शीतयंत्रांचा आणि पातळ अतिवाहक थरांचा अनुभव असलेल्या अभियंत्यांना कायम पदे हवीत, आणि शोधनिबंधांच्या संख्येवर त्यांची बढती अडू नये. मुंबई, पुणे आणि बंगळुरू इथल्या संस्थांनी मिळून एक शोधक-प्रयोगशाळा उभारावी. तिने पहिल्या पाच वर्षांत एकाच पट्ट्याचा, काही डझन शोधकांचा कॅमेरा करून दाखवावा. हैदराबादहून सुटणारा फुगा काही तासच वर राहतो, पण शीतयंत्राची पहिली परीक्षा तेवढ्यात होते. लडाखमध्ये हानले येथे सुमारे ४,५०० मीटर उंचीवर २००१ पासून आपली दुर्बीण चालते, हवा कोरडी आहे, रस्ता आहे, बंगळुरूजवळच्या होसकोटेहून ती चालवणारी माणसे आहेत. तोच कॅमेरा तिथे वर्षभर आकाशाकडे लावून ठेवता येईल, आणि त्यासाठी उड्डाणांच्या वेळापत्रकात कुणाकडे जागा मागावी लागणार नाही.